मिरचीच्या देठाचा वास

आमच्या तालुक्याच्या गावात वाइन शॉप तीन, आणि तिन्ही दुकानांत मिळून वाइनच्या बाटल्या बहुतेक वेळा चार. त्यातल्या तीन गोड 'पोर्ट'च्या. चौथी कोणत्या साली आली हे मालकालाही सांगता येत नाही. काचेच्या कपाटात वरच्या फळीवर ती उभी असते, उन्हाळाभर दुपारचं ऊन खात. पहिल्यांदा मी तिथे जाऊन "वाइन आहे का?" असं विचारलं, तेव्हा काउंटरवरच्या पोराला माझी दया आली.

"भाऊ, सगळी वाइनच त हाये. कॉटर देऊ का खंबा?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. दारूच्या दुकानाला वाइन शॉप म्हणायची पद्धत आपल्याकडे अशी रुळली आहे की खरी वाइन मागणारा माणूसच तिथे अडाणी ठरतो. आमच्या भागात तर 'संत्रा' म्हटलं की अर्ध्या लोकांना फळ आठवतं आणि अर्ध्यांना देशीची बाटली. मी संत्र्याचा शेतकरी. हा विनोद मला इतक्या वेळा ऐकावा लागला आहे की आता मीच तो आधी करून टाकतो.

मी मोर्शी तालुक्यातला. अकोल्याला कृषीची पदवी घेतली आणि नाशिककडे वाइनच्या द्राक्षमळ्यावर नोकरीला लागलो. खरड छाटणी एप्रिलमध्ये, गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, तोड जानेवारी ते मार्च, अशी नऊ वर्षं गेली. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात आपोआप झोपी जाते. आपल्याकडे तिला झोप कुठली, म्हणून दोनदा छाटायचं. 2016 मध्ये बाबांचे गुडघे गेले आणि मी परत आलो. येताना दोन गोष्टी बरोबर आल्या. एक, फळातली साखर मोजायचं छोट्या दुर्बिणीसारखं यंत्र. दोन, जेवणासोबत अर्धा पेला वाइन घेण्याची सवय. यंत्र गावात सगळ्यांना आवडलं. व्यापारी बगिचा पाहायला आला की लोक मला बोलावून नेतात, "आना बरं तुमचं ते ब्रिक्स." सवयीचं मात्र तेवढं सोपं नव्हतं.

आमच्या घरात दारूबद्दल गमतीने बोलत नाहीत. माझ्या मोठ्या बाबांचं अर्धं वावर देशीच्या दुकानात गेलं, आणि ते जाताना मी पाहिलं आहे. आमच्या गावावरून थोडं पुढे गेलं की वर्धा नदी. पलीकडे वर्धा जिल्हा, गांधी-विनोबांचा, दारूबंदीचा. माझी सासुरवाडी तिकडे आर्वीजवळ. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे. चंद्रपुरात 2015 ला आली आणि 2021 ला उठली. त्या बंद्यांमागे बायांनी चालत काढलेले मोर्चे आहेत. बंदीने किती थांबतं आणि किती नावेतून नदी ओलांडतं, यावर मी वाद घालू शकतो, पण मोर्चातल्या बाईसमोर उभं राहून घालणार नाही. त्यामुळे वाइन ही वेगळी, वाइन म्हणजे संस्कृती, असलं शहरी भाषण मी आईला कधी दिलं नाही. बाटलीत बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं, ती दारूच आहे, हे मी कबूल केलं. मग आईने अटी घातल्या. घरात नाही, वावरातल्या खोलीवर. हिवाळ्यात, तेही महिन्यातून एकदा. आणि ताट वाढल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

ही शेवटची अट तिने रागाने घातली होती. मला मात्र मनातल्या मनात हसू आलं. नाशिकला आम्हाला शिकवायला एक फ्रेंच म्हातारा येत असे, तो वर्षानुवर्षं नेमकं हेच सांगत होता.

तर गेली काही वर्षं आम्ही चौघं हिवाळ्यात वावरातल्या खोलीवर जमतो. निवृत्त गुरुजी, कृषी केंद्रवाला मित्र, चुलतभाऊ आणि मी. चुलतभाऊ टेम्पो घेऊन संत्रा मंडीला नागपूरला जातो, त्यामुळे बाटल्या आणायचं काम त्याच्याकडे. वर्गणी काढतो. बहुतेक वेळा नाशिकचीच असते, हजाराच्या आतबाहेर. हिवाळ्यात एखाददुसरीच परदेशी, ती महाग पडते म्हणून.

इथे 'स्वस्त' या शब्दाची गंमत आहे. जगभरातल्या स्वस्त आणि मस्त वाइन म्हणून ज्यांची नावं घेतात, ती पोर्तुगालची विन्यो वेर्दे, स्पेनची गार्नाचा, चिलीची कार्मेनेर, दक्षिण आफ्रिकेची शेनिन ब्लाँ, त्यातल्या बऱ्याच आपापल्या देशात चार-पाच युरोला मिळतात. म्हणजे आपले साधारण चारशे-पाचशे रुपये. भारताच्या बंदरात उतरताना त्यावर 150 टक्के सीमाशुल्क. चारशेची बाटली धक्क्यावरच हजाराची होते. मग आयात करणाऱ्याचं, राज्याचं, घाऊकवाल्याचं, दुकानदाराचं जोडत जा. नागपूरला चुलतभावाच्या हातात पडते तोवर सोळाशे-अठराशे. ऑस्ट्रेलियाशी करार झाला, तो डिसेंबर 2022 पासून लागू आहे. शुल्क 150 वरून 100 वर आलं, पुढे दहा वर्षांत आणखी उतरणार. पण सवलत पाच डॉलर आणि त्यावरच्या बाटलीला. जी खरोखर गरिबाची वाइन, तिला सवलत नाहीच.

हे मी गुरुजींना समजावून सांगत होतो, तर त्यांनी मध्येच तोडलं. "आपल्याले नको शिकवू बे. बांगलादेशनं काय केलं?" बांगलादेशाने संत्र्यावरचं आयातशुल्क वाढवत नेलं, तेव्हा आमच्याकडे उक्ते मागितलेले बगिचे व्यापारी सोडून गेले आणि झाडाखाली फळांचा सडा पडला. आयातशुल्क म्हणजे काय, हे वरुड-मोर्शीच्या माणसाला सांगायची गरज नाही.

जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचं ठरवलं होतं. दारूबंदीचे जिल्हे त्यातून वगळले होते. विरोध झाला आणि ते बारगळलं. आमच्या पानठेल्यावर त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. हजार चौरस फुटांचं किराणा दुकान आमच्या गावात नाही, त्यामुळे चर्चा अगदी निःपक्ष झाली.

आता खाण्याकडे येतो.

पहिला प्रयोग फसला, आणि त्याचा दोष पूर्ण माझा. उत्साहात अर्जेंटिनाची माल्बेक मागवली. मेंदोसाची, आंदीज पर्वताच्या पायथ्याची. मूळची ही द्राक्षं फ्रान्समधल्या काओरची, 1853 च्या सुमारास तिकडे गेली आणि सासरी माहेरापेक्षा जास्त नाव काढलं. पुस्तकात वाचलेलं होतं की लाल मांसाबरोबर लाल वाइन. म्हणून रस्त्यावरच्या भोजनालयातून सावजी मटण आणलं. सावजी म्हणजे नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या चुलीवरची चीज. काळा रस्सा, वर बोटभर तर्री. पहिला घास, मग पहिला घोट. मित्राच्या डोळ्यांत पाणी आलं. चुलतभाऊ उठून बाहेर गेला आणि बोअरच्या नळाला तोंड लावून बसला. गुरुजी तेवढे शांत होते, पण त्यांच्या टकलावर डिसेंबरात घामाचे थेंब उभे राहिले होते.

"हे त विस्तवावर रॉकेल टाकल्यावानी झालं," ते म्हणाले.

अगदी तसंच होतं. तिखट लागणं ही चव नव्हे, ती भाजल्याची जाणीव आहे. तोंडातले जे ठिपके उष्णता ओळखतात, त्यांना मिरची फसवते. अल्कोहोल त्याच ठिपक्यांना आणखी हळवं करतं. साडेतेरा-चौदा टक्क्यांची वाइन आणि सावजी रस्सा म्हणजे दोघांनी मिळून एकाला मारणं. त्यात लाल वाइनचा तुरटपणा. जांभळाची बी चावल्यावर जीभ आखडते ना, ते टॅनिन. मांसातली चरबी आणि प्रथिनं ते आवरतात, म्हणून अर्जेंटिनात ती जमते. पण तिथे मांसाला काय लावतात? मीठ. मीठ आणि विस्तव, बस. आंबट, तुरट, सुगंधी जे काही हवं ते पेल्यातून येतं. तिथे वाइन हाच मसाला आहे. आमच्या ताटात मसाला आधीच बत्तीस प्रकारचा. वर लिंबाची फोड, कच्चा कांदा, सगळा हिशेब पूर्ण करून ताट येतं. तिथे आणखी एक मसाला कुठे बसणार?

हे कळायला अठराशे रुपये गेले. तेव्हापासून मी नवीन बाटली आणण्याआधी विचारतो, ही जिथून आली तिथला शेतकरी दुपारी हिच्यासोबत काय खात असेल. जगातल्या बहुतेक स्वस्त वाइन या मुळात तिथल्या कास्तकाराच्या शिदोरीसोबतच्या आहेत. इटलीत एमिलियाकडे जेवण चरबीचं, डुकराचं मांस, लोण्यातली पास्ता. तिथली लांब्रुस्को लाल असूनही थंड, फेसाळ, आंबटसर, तोंडातलं तूप धुऊन काढणारी. पोर्तुगालच्या वायव्येला पाऊस फार, समुद्र जवळ, मासोळी ताजी. तिथली विन्यो वेर्दे हलकी, कोवळी, जिभेवर किंचित बुडबुडणारी, अल्कोहोलही कमी. आम्ही ती अप्पर वर्धा धरणाच्या मासोळीबरोबर घेतली. नुसती हळद-मीठ-तिखट लावून तळलेली मासोळी, थर्माकोलच्या डब्यात मासळीवाल्याकडच्याच बर्फात खुपसलेली बाटली. त्या रात्री कोणी काही बोललं नाही, ताटात फक्त काटे उरले.

सावजीचं मग काय केलं? दोन वर्षांनी त्याच भोजनालयाचं मटण आणि नाशिकची शेनिन ब्लाँ. पांढरी, चांगली गार, अंगात थोडी साखर राहिलेली. ही द्राक्षं फ्रान्सच्या लुआर नदीकाठची. दक्षिण आफ्रिकेत सगळ्यात जास्त लागवड आज हिचीच आहे. तिथे तिला स्टीनही म्हणतात. (केपटाऊनच्या डच वसाहतीच्या प्रमुखाने पहिली वाइन काढल्याची नोंद रोजनिशीत केली ती 2 फेब्रुवारी 1659 ला. आपल्याकडे तेव्हा प्रतापगडाचा प्रसंग घडायचा होता.) गोडीने तिखट थोपतं, गारव्याने जीभ निवते, आंबटपणा तर्रीचं तेल कापतो. जोडी जमली असं म्हणणार नाही. पण भांडण नाही झालं. सावजीबरोबर एवढंही पुष्कळ.

आमच्या पदार्थांत वाइनला सगळ्यात मोकळा हात देणारा म्हणजे गोळाभात. भातात वाफवलेले डाळीचे गोळे, वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. पदार्थ सौम्य, तेलाची माया, आणि लिंबू पिळायची जागा मोकळी. तिथे लिंबाऐवजी आंबट पांढरी वाइन सरळ बसते. सांबारवडीलाही तसंच. इथे बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचं ते नव्हे. तळलेली वडी, आत कोथिंबीर, खोबरं, खसखस. तिला फेसाळ वाइन हवी. स्पेनची कावा किंवा इटलीची प्रोसेको. तळलेलं आणि बुडबुडे यांचं जमतं हे शोधायला फ्रान्सला जावं लागत नाही, भज्यासोबत सोडा पिणाऱ्याला विचारा. न्यूझीलंडची सोविन्यों ब्लाँ आणली तर तिला स्वतःलाच कापलेल्या हिरव्या गवताचा वास, वडीतल्या सांबाराशी बहिणीसारखी बसते. पुरणपोळीला इटलीची मोस्कातो दास्ती; पाच-साडेपाच टक्के अल्कोहोल आणि गोड. गोडासोबतची वाइन गोडाहून गोड पाहिजे, नाहीतर ती आंबट पाण्यासारखी लागते. कढी-गोळ्यांना काहीच लागत नाही, हे तीन वेळा फसून सांगतो आहे.

लांगदोकची एक साधी लाल बाटली आणली होती तेव्हा जेवण बाजूला राहिलं. लांगदोक म्हणजे फ्रान्सचा दक्षिण भाग, कोरडा, उन्हाचा, ढिगाने वाइन पिकवणारा, कमी भाव मिळवणारा. चित्र आपल्याच भागाचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे भाव इतके कोसळले की पिंपं रस्त्यावर ओतायची वेळ आली. अल्जीरियातून येणारी वाइन एकीकडे, साखर-पाण्याची बनावट वाइन दुसरीकडे. 1907 मध्ये मार्सेलँ अल्बेर नावाच्या एका खेड्यातल्या कॅफेवाल्याने, जो स्वतः द्राक्षंही लावायचा, लोक गोळा करायला सुरुवात केली. 9 जून 1907 ला मोंपेलिए शहरात काही लाख माणसं जमली. नारबोन गावात सैन्याने गोळ्या चालवल्या, माणसं मेली. मग सतराव्या पलटणीच्या शिपायांनी बंड केलं, कारण ती पोरं त्याच गावांतली होती. त्या महिन्याच्या शेवटी सरकारने भेसळीविरुद्ध कायदा केला. किती पीक निघालं ते प्रत्येकाने जाहीर करायचं, म्हणजे पाणी घातलं की पकडता येईल.

गुरुजी ऐकत होते. पेला खाली ठेवून म्हणाले, "कर्जमाफी झाली का मंग?"

आम्ही हसलो, पण तो हशा लवकर विझला. त्या वर्षी मित्राच्या कृषी केंद्राची उधारी गावात किती थकली होती ते चौघांनाही माहीत होतं.

माझी आवडती रात्र मात्र भरताची. पौष महिना, संत्र्याला आंबिया बहारासाठी ताण दिलेला. ताण म्हणजे झाडाला पाणी तोडायचं, पानं मलूल पडेपर्यंत. मग पाणी सोडलं की झाड घाबरून फुलतं. युरोपात कितीतरी जुन्या भागांत द्राक्षाला पाणी देण्यावर कायद्याने बंधनं होती, काही ठिकाणी अजून आहेत. वेलीला थोडं सोसायला लावल्याशिवाय द्राक्षात रस उतरत नाही, अशी त्यांची समजूत. बाबांना हे सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. "मंग? लाडाच्या झाडाले फळ येते काय?"

तर त्या रात्री पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, विस्तवावर वांगी भाजायला टाकली होती. पऱ्हाटीचा जाळ भडकन पेटतो आणि लवकर बसतो. निखाऱ्यावर वांग्याची साल फुगते, फाटते, आतून वाफ शिट्टी मारते. ठेचलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, पातीचा कांदा, कच्चं तेल. ज्वारीच्या भाकरी घरून आल्या होत्या. आणि भाकरींसोबत, काठी टेकत, बाबा आले होते. शहात्तर वर्षांचे, गळ्यात माळ. दारूला आयुष्यात हात लावलेला नाही. वांगी चांगली निघालीत का बघायला आलो, म्हणाले. मी बाटली आडोशाला सरकवली, तर ते म्हणाले, "राहू दे, मले काय दिसत नाही काय."

बाटली चिलीची होती, कार्मेनेर. मी पेल्यात ओतली. बाबांनी हात पुढे केला. मी चमकलो. त्यांनी पेला घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटले. ते संत्र्याची पेटीही अशीच हुंगतात. कुठे एखादं फळ आतून बिघडलेलं असलं तर न उघडता सांगतात. मग पेला परत दिला.

"मिरचीचं देठ मोडल्यावानी वास येते. फळ कच्चं तोडलं असन."

मी नाशिकला नऊ वर्षं हे शिकत होतो. हिरव्या मिरचीत, ढोबळी मिरचीत जो हिरवट वास असतो तो पायराझिन नावाच्या द्रव्याचा. तेच द्रव्य काही द्राक्षांत असतं, कार्मेनेरमध्ये भरपूर. ऊन लागत जातं, फळ पिकत जातं, तसं ते कमी होतं. वास जास्त आला म्हणजे तोड लवकर झाली. ज्याने वाइनचा थेंब चाखलेला नाही, त्या माणसाने चिलीतल्या कुण्या शेतकऱ्याची घाई पऱ्हाटीच्या उजेडात पकडली होती.

आणि कार्मेनेरचा तर सगळा इतिहासच कच्च्या तोडीचा आहे. ही जात फ्रान्सच्या बोर्दोची. 1860 च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या एका बारीक किडीने, फिलॉक्सेराने, फ्रान्सच्या वेलींची मुळं खायला सुरुवात केली. मळे वाळत होते आणि कारण कळत नव्हतं. 1868 मध्ये प्लाँशाँ नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी वाळलेल्या वेली सोडून जिवंत वेलींची मुळं उकरली तेव्हा पिवळसर कीड सापडली. उपाय निघाला तो कलमाचा. अमेरिकन वेलीच्या मुळांना ती कीड मारू शकत नाही, म्हणून खाली अमेरिकन खुंट, वर फ्रेंच डोळा. आजही युरोपातली बहुतेक द्राक्षं अशी परक्या पायावर उभी आहेत. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत वाढलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. आमचं प्रत्येक संत्र्याचं झाड खाली जंबेरी लिंबू आहे आणि वर संत्रा.

बोर्दोत नव्याने कलमं लावताना कार्मेनेरला कोणी विचारलं नाही. उशिरा पिकणारी, खोडीची जात. ती संपली असं धरून चाललं. पण कीड येण्याआधीच काही काड्या जहाजातून चिलीला गेल्या होत्या, आणि चिलीत ती कीड आजवर पसरलेली नाही. तिथे ती मेर्लो या दुसऱ्या जातीत मिसळून, मेर्लोच्या नावाने शंभराहून जास्त वर्षं जगली. मेर्लो लवकर पिकते. त्यामुळे मेर्लो तयार झाली की सगळंच तोडायचं, आणि मग चिलीच्या मेर्लोला हा हिरवट वास कुठून, म्हणून लोक चक्रावायचे. 1994 मध्ये बुर्सिको नावाचा फ्रेंच तज्ज्ञ मळ्यात फिरताना थांबला आणि म्हणाला, ही मेर्लो नाही, ही कार्मेनेर आहे.

बाबांना मी हे सगळं सांगितलं. वांगं सोलता सोलता ऐकत होते. बोटं काळी, तोंडाने फू-फू. मध्येच म्हणाले, "आपल्या खालच्या तुकड्यात झालं होतं तसं." मला विसर पडला होता. मी शाळेत असताना बाबांनी एका ठिकाणाहून कलमं आणली होती. पाच वर्षं पाणी, शेणखत, बोर्डो मलम. पाचव्या वर्षी फळ आलं तर तीसएक झाडांना संत्रा नव्हताच. कलमाचा डोळा केव्हाच मेला होता आणि खालची जंबेरी मोठी होऊन बसली होती. खडबडीत, पिवळी, आंबट फळं. बाबांनी ती झाडं तोडली तेव्हा आई धुऱ्यावर बसून रडली होती. रोप देणाऱ्याने नंतर ओळख दाखवली नाही.

"त्या चिलीवाल्याईचं बरं झालं," बाबा म्हणाले. "त्याईच्यात निघालं त चांगलं निघालं."

भरीत तयार झालं. आणि काय सांगू, भाजलेल्या वांग्याचा धूर, हिरवी मिरची, कच्चं तेल आणि तो देठाचा वास असलेली वाइन. एकाच वावरातून निघाल्यासारखं लागलं. वाइनमध्ये जे कच्चं होतं ते ठेच्याने आपल्या पोटात घेतलं. टॅनिनही मऊ, त्यामुळे मिरची भडकली नाही. गुरुजींनी तिसरी भाकर मागितली. बाबांनी पाण्याच्या गडव्यासोबत जेवण केलं आणि दोनदा म्हणाले की वांग्यात बी जास्त आहे.

निघताना त्यांनी रिकामी बाटली मागून घेतली. काळसर हिरवी काच, घट्ट बसणारं पेचाचं झाकण. दुसऱ्या दिवशी आईने ती राखेने घासली, दोन दिवस उन्हात वाळवली आणि बाबांनी तीत अंबाडीचं बी भरलं, वर थोडी राख. चिठ्ठी काढायची राहून गेली. तेव्हापासून माजघराच्या फळीवर डाळीच्या डब्यांशेजारी कार्मेनेर उभी आहे, जिला घरात बंदी होती. ओळीत पोर्तुगालचीही एक आली आहे, तीत चवळी.

यंदा मृगात बाबांनी तीच बाटली उचलली आणि तुरीच्या तासांच्या कडेने बी टाकत गेले. अंबाडी गुडघ्याला लागली आहे. कोवळी पानं खुडून आईने परवा भाजी केली, कण्या घालून, वर लसणाचं तेल. हिवाळ्याला अजून वेळ आहे, तरी गुरुजींनी निरोप पाठवला आहे, अंबाडीसोबत कोणती आणायची ते सांग, भाऊ गुरुवारी नागपूरला चालला आहे. अंबाडी फार आंबट. पेल्यातली तिच्याहून आंबट नसली तर नळाचं पाणी होऊन जाईल. मी अजून उत्तर दिलेलं नाही.